खेड्यातील वृत्तपत्र आणि लोकमत : तरवडीच्या ‘दीनमित्र’ साप्ताहिकाची वाटचाल (१९१०–१९६७)

बीजसंज्ञा : ग्रामीण वृत्तपत्र, सत्यशोधक चळवळ, मुकुंदराव पाटील, ब्राह्मणेतर नियतकालिके, स्थानिक इतिहासाची साधने

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास बहुतांशी मुंबई आणि पुणे या दोन शहरांना केंद्रस्थानी ठेवून लिहिला गेला आहे. बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये व ‘केसरी’ १८८१ मध्ये पुण्यात निघाला. आणि या पत्रांच्या परंपरेतूनच मराठी पत्रकारितेचे मापदंड ठरले. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणांहून निघालेल्या पत्रांची नोंद बहुधा परिशिष्टात किंवा तळटीपेत घेतली जाते. खेड्यातून निघालेल्या पत्राला तर तेवढेही स्थान क्वचितच मिळते.

या पार्श्वभूमीवर अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातून निघालेल्या ‘दीनमित्र’ या साप्ताहिकाचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. १९१० मध्ये सोमठाणे या गावी सुरू झालेले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी येथे स्थिरावलेले हे पत्र १९६७ पर्यंत चालले. भारतातील पहिले ग्रामीण वृत्तपत्र असा त्याचा उल्लेख अभ्यासक करतात. खेड्यातून साप्ताहिक काढणे म्हणजे नेमके काय, त्या स्थानामुळे पत्राच्या विषयांवर व दृष्टीवर कोणता परिणाम झाला, त्या दृष्टीच्या मर्यादा कोणत्या होत्या आणि अशा पत्रांचे जुने अंक इतिहासाच्या अभ्यासासाठी का महत्त्वाचे आहेत, या चार प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. शहराकडे जाणारी वाट

लहान गावी सुरू झालेली पत्रे कालांतराने शहराकडे ओढली जातात, हा मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातील एक स्पष्ट कल आहे. अहमदनगर जिल्ह्यातच त्याचे जुने उदाहरण सापडते. अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केले. परंतु काही वर्षांतच ते मुंबईस हलविण्यात आले. छपाईची यंत्रे, खिळे, कागद, कुशल जुळारी आणि टपालाची सोय या सर्व गोष्टी मुंबईत एकत्र मिळत होत्या. पत्राला स्थिरता हवी असेल तर शहर गाठणे हाच सोपा मार्ग होता.

सत्यशोधक चळवळीच्या पहिल्या पत्राचीही गती अशीच झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या आरंभी ‘दीनबंधु’ हे पत्र पुण्यात सुरू केले. आर्थिक अडचणींमुळे ते पुढे मुंबईस गेले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालविले. मुंबईत आल्यावर ‘दीनबंधु’च्या पानांवर गिरणी कामगारांचे प्रश्न ठळकपणे येऊ लागले. ते स्वाभाविकही होते, कारण पत्राभोवतीचा समाज बदलला होता. मात्र जोतीरावांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे छापून ‘दीनबंधु’ने उर्वरित भाग छापण्याचे थांबविले, याचीही नोंद येथे घ्यावी लागते. शेतकऱ्याची बाजू मांडणाऱ्या पत्रालाही ती किती स्पष्टपणे मांडावी याचा हिशोब शहरात बसून करावा लागत होता, असा याचा अर्थ होतो.

स्थान बदलले की पत्राचा विषय, वाचक आणि धाडस यांचे प्रमाणही बदलते. ‘दीनमित्र’चे वेगळेपण या संदर्भात लक्षात येते. इतर पत्रे शहराकडे गेली, तर हे पत्र खेड्यात जन्मले आणि अखेरपर्यंत खेड्यातच राहिले.

२. वारसा आणि आरंभ

‘दीनमित्र’चे संपादक मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) हे कृष्णराव भालेकर यांचे औरस पुत्र होत. तरवडीच्या पाटील घराण्यात ते दत्तक गेले आणि मुकुंदराव गणपतराव पाटील या नावाने ओळखले जाऊ लागले. ‘दीनमित्र’ या नावाचे मासिक गणपतराव पाटील यांनी १८८८ मध्ये चालविले होते. ते अल्पकाळच टिकले. अशा रीतीने मुकुंदरावांकडे जनक पित्याकडून ‘दीनबंधु’ची परंपरा आली आणि दत्तक घराण्याकडून ‘दीनमित्र’ हे नाव आले.

भालेकर यांचे निधन १९१० मध्ये झाले आणि त्याच वर्षी मुकुंदरावांनी साप्ताहिक ‘दीनमित्र’ सुरू केले. हे वर्ष वृत्तपत्रांना अनुकूल नव्हते. १९१० च्या फेब्रुवारीत सरकारने नवा वृत्तपत्र कायदा अंमलात आणला होता. या कायद्यानुसार नवा छापखाना किंवा नवे पत्र सुरू करणाऱ्याकडून ५०० ते २००० रुपयांपर्यंत तारण मागण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास मिळाला होता. सरकारला आक्षेपार्ह वाटणारा मजकूर आल्यास हे तारण जप्त होऊ शकत असे. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, म्हणजे ‘दीनमित्र’ची पहिली बारा वर्षे त्याच्या छायेत गेली. याच काळात फुले यांच्या निधनानंतर मंदावलेल्या सत्यशोधक विचाराला या पत्राने नियमित व्यासपीठ मिळवून दिले. ‘जागरूक’, भगवंतराव पाळेकर यांचे बडोद्याचे ‘जागृति’ (१९१७) आणि श्रीपतराव शिंदे यांचे ‘विजयी मराठा’ ही ब्राह्मणेतर चळवळीची पत्रे त्यानंतरची आहेत.

३. खेड्यात साप्ताहिक चालविणे म्हणजे काय ?

खिळे जुळवून छपाई करण्याच्या काळात साप्ताहिकाचा प्रत्येक अंक ही कष्टाची निर्मिती होती. मजकुरातील अक्षर न् अक्षर खणांच्या पेटीतून उचलून हाताने जुळवावे लागे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार व जोडाक्षरे यांच्यासाठी स्वतंत्र खिळे लागत, त्यामुळे रोमन लिपीच्या तुलनेत मराठी जुळणीस अधिक खिळे, अधिक जागा आणि अधिक वेळ लागे. छपाई झाली की खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणात टाकावयाचे आणि पुढील अंकास लागावयाचे, हे चक्र आठवडाभर फिरत राही. शहरात खिळे झिजले किंवा यंत्र बिघडले तर दुरुस्तीची सोय जवळ असे. खेड्यात शाई, कागद आणि खिळे हे सर्व बाहेरून आणावे लागे, आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर अंकच अडे.

कायद्याचे बंधनही होते. १८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्यानुसार मुद्रक व प्रकाशक यांना दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र करावे लागे आणि प्रत्येक अंकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव तसेच छपाईचे स्थळ द्यावे लागे. मोठ्या शहरातील संपादक गर्दीत वावरत असे. खेड्यातील संपादक मात्र, ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्याच शेजारी, त्यांना ठाऊक असलेल्या घरात राहत असे. सावकार, कुलकर्णी, जोशी किंवा मामलेदार कचेरीतील कारकून यांच्याविषयी अग्रलेख लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचीच गाठ पडत असे. अशा लेखनाची जोखीम शहरातील राजकीय लेखनाच्या जोखमीहून वेगळ्या प्रकारची होती.

वितरणाचा मुख्य आधार टपाल हा होता. नोंदणीकृत वृत्तपत्रांना टपाल खाते सवलतीचा दर लावीत असे आणि व्ही. पी. ची पद्धत १८७७ पासून देशात सुरू झालेली होती. या दोन सोयींमुळे खेड्यातून निघालेले पत्र दूरच्या खेड्यात पोहोचणे शक्य झाले. रेल्वे आणि टपाल यांनी शहराचे वृत्तपत्र खेड्यात नेले, हे सर्वमान्य आहे. त्याच टपालाने खेड्याचे वृत्तपत्र दुसऱ्या खेड्यात नेले, ही बाजू मात्र क्वचित लक्षात घेतली जाते.

साक्षरतेची स्थिती लक्षात घेतली तर या प्रयत्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. १९११ च्या जनगणनेनुसार भारतात दर हजारी सुमारे ५९ व्यक्ती साक्षर होत्या. पुरुषांत हे प्रमाण हजारी १०६ तर स्त्रियांत अवघे १० होते. शेतकरी व कारागीर जातींत ते आणखी कमी होते. मात्र निरक्षर समाजात ग्राहकसंख्या आणि श्रोतृसंख्या यांत मोठे अंतर असते. चावडीवर, पारावर किंवा ओसरीवर एकाने वाचावयाचे आणि दहांनी ऐकावयाचे, ही पोथीवाचनाची जुनी सवय होती. ज्या समाजात ज्ञान कानांनी मिळविले जात होते, तेथे पत्राची भाषाही उच्चारून वाचता येईल अशी असणे आवश्यक होते. मुकुंदरावांच्या गद्यातील संवाद, उपहास आणि बोलीचा वापर यांचे प्रयोजन या दृष्टीने समजून घ्यावे लागते. त्यांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ (१९१३) हे उपहासकाव्य पोथीच्या ओवीबद्ध घाटात रचले, यामागेही हेच भान दिसते. पोथी ऐकण्यास बसलेल्या श्रोत्यासमोर पोथीच्याच रूपात गावच्या सत्तेची चिकित्सा त्यांनी ठेवली.

४. गावाच्या सत्तेचा जमाखर्च

‘दीनमित्र’चा मुख्य विषय गावातील दैनंदिन सत्ता हा होता. सरकारविषयी शहरातील पत्रे लिहीत असत तेव्हा त्यांच्या नजरेसमोर गव्हर्नर, कायदेमंडळ आणि लंडनचे पार्लमेंट असे. खेड्यातील कुणब्याला सरकार भेटे ते कुलकर्ण्याच्या दप्तरात. जमिनीची नोंद, सारा, थकबाकी आणि पीकपाणी यांची लेखी माहिती कुलकर्ण्याच्या हाती होती. वतनामुळे हे पद वंशपरंपरेने चाले. ज्यास वाचता येत नाही त्याने, ज्याच्या हाती लेखणी आहे त्याच्यावर विश्वास ठेवणे एवढाच पर्याय होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमण्याची पद्धत सुरू केली, त्यापूर्वी पाच वर्षे ‘कुलकर्णी लीलामृत’ प्रसिद्ध झाले होते.

दुसरा विषय कर्जाचा होता. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली होती आणि त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु कायद्याने कर्जाचे मूळ कारण नाहीसे झाले नाही. सावकारीवर प्रहार करणारी ‘शेटजी प्रताप’ ही मुकुंदरावांची रचना याच वास्तवातून आली. तिसरा विषय धर्मविधींतील मध्यस्थीचा होता. जोशी वतनामुळे, यजमानाने दुसऱ्याकडून वा स्वतः विधी केला तरीही गावच्या जोशास दक्षिणेचा हक्क सांगता येत असे. सत्यशोधक पद्धतीने विवाह करणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे सामाजिक रोषाबरोबर न्यायालयाचाही सामना करावा लागे. सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात १९२६ मध्ये या हक्काविरुद्ध कायदा झाला.

या तिन्ही विषयांत एक समान सूत्र आहे. लेखणी, पैसा आणि मंत्र यांवर मोजक्या लोकांची मक्तेदारी असल्यामुळे बहुजन समाज परावलंबी राहतो, हे ते सूत्र होय. त्यावरील उपाय म्हणून ‘दीनमित्र’ने शिक्षणाचा आग्रह धरला. ज्याला स्वतःचा सातबारा वाचता येतो त्याच्यावरील कुलकर्ण्याची सत्ता आपोआप कमी होते, इतका हा आग्रह व्यावहारिक होता.

राष्ट्रवादाविषयीचा ‘दीनमित्र’चा संशयही याच अनुभवातून आला. जेथे जातीजातींत रोटीबेटीचा व्यवहार नाही आणि एकाचे हित दुसऱ्याच्या अज्ञानावर उभे आहे, तेथे सर्वांचे मिळून एक राष्ट्र आहे असे आधीच गृहीत धरता येत नाही, अशी मुकुंदरावांची भूमिका होती. त्यामुळे त्यांच्यावर सरकारधार्जिणेपणाचा आरोप होत राहिला. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या आणि शेतकरी जातींतील सारा भरणारे मतदार प्रथमच मोठ्या प्रमाणात निर्माण झाले. या नव्या मतदाराला त्याच्या भाषेत राजकारण समजावून सांगणे हे ब्राह्मणेतर पत्रांचे कार्य ठरले.

५. स्थानिक दृष्टीच्या मर्यादा

स्थानिक पत्राला जवळचे स्पष्ट दिसते. तथापि ते ज्या ओसरीवरून पाहते, ती ओसरी त्याला सहसा दिसत नाही. ‘दीनमित्र’ पाटील घराण्यातून निघत होते. गावगाड्यात पाटील आणि कुलकर्णी हे दोघेही वतनदार अधिकारी होते. कुलकर्णी दप्तर सांभाळी आणि पाटील बळ सांभाळी. कुलकर्ण्याच्या लेखणीची चिकित्सा पाटलाच्या वाड्यातून होत असताना गावकुसाबाहेरील महार-मांगांच्या दृष्टीने पाटीलकीचा जाच केवढा होता, हा प्रश्न वेगळ्या मुखानेच विचारला जाणे आवश्यक होते.

तो प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात उपस्थित केला. ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘डेक्कन रयत’, ‘विजयी मराठा’ इत्यादी पत्रांतून बहिष्कृत समाजाच्या प्रश्नांची चर्चा होते, हे त्यांनी मान्य केले. परंतु ब्राह्मणेतर या संज्ञेत अनेक जातींचे प्रश्न येत असल्यामुळे बहिष्कृतांच्या प्रश्नांना तेथे पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवे, अशी त्यांची मांडणी होती. या उल्लेखातून दोन गोष्टी सिद्ध होतात. तरवडीसारख्या खेड्यातील पत्राची दखल मुंबईत घेतली जात होती. आणि जे न्याय्य कारण देऊन शहरी पत्रांहून वेगळे ग्रामीण पत्र निघाले, तेच कारण देऊन त्याहूनही वेगळे पत्र निघणे अपरिहार्य झाले.

६. एका माणसाचे पत्र

‘दीनमित्र’च्या सत्तावन्न वर्षांत दोन महायुद्धे झाली, कागदाची टंचाई आली आणि ब्राह्मणेतर चळवळीचा मोठा प्रवाह केशवराव जेधे यांच्यासह १९३० नंतर काँग्रेसमध्ये गेला. या काळात ज्या संस्थांवर पत्राने टीका केली होती त्यांपैकी अनेक कायद्याने संपल्या. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली. पाटीलकीचे मुलकी पदही महाराष्ट्र शासनाच्या १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आले. १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यरत झाल्या. गावाच्या सत्तेचे नवे दप्तर तयार होत होते आणि त्याच्या चिकित्सेची गरज कमी झालेली नव्हती.

परंतु डिसेंबर १९६७ मध्ये मुकुंदरावांचे निधन झाले आणि त्याच वर्षी पत्राची वाटचाल थांबली. संपादक, लेखक, व्यवस्थापक आणि आधारस्तंभ हे सर्व एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेले असणे, हे लहान पत्राचे बळ असते. त्याला मालकाची किंवा जाहिरातदाराची मर्जी सांभाळावी लागत नाही. तीच त्याची दुर्बलताही असते, कारण व्यक्तीबरोबर संस्था संपते. तरवडी येथे मुकुंदरावांचे स्मारक आणि त्यांच्या नावाचे साहित्य पुरस्कार आहेत. पत्राची परंपरा मात्र पुढे चालली नाही.

७. जुन्या अंकांचा प्रश्न

लहान पत्राचा इतिहास त्याच्या अंकांत असतो आणि अंक सर्वांत आधी नष्ट होतात. वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्यापासून केलेला असतो. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. शहरातील मोठ्या पत्रांच्या फाईली ग्रंथालयांनी जतन केल्या. खेड्यातील पत्रांच्या फाईली घरच्या माळ्यावर, वाळवी व ओल यांच्या स्वाधीन राहिल्या.

अंक नष्ट झाले तर पर्यायी साधन कोणते उरते, याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. ब्रिटिश काळात मुंबई सरकारचे प्राच्य भाषांतरकार कार्यालय देशी पत्रांतील निवडक मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्यास तयार करीत असे. पत्राचे स्थळ, खप, संपादकाचे नाव, जात आणि वय यांच्याही याद्या ठेवल्या जात. या अहवालांचा संग्रह मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात उपलब्ध आहे. मूळ अंक नसेल तर खेड्यातील संपादकाचे शब्द आपणांस सरकारने निवडलेल्या तुकड्यांत आणि सरकारच्या भाषेत वाचावे लागतात. सरकारला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच उरते. सावकाराच्या व्याजाविषयीचे पत्र, सत्यशोधक विवाहाची वार्ता किंवा गावच्या शाळेची तक्रार यांत सरकारला फारसा धोका नसल्याने त्यांचा मागमूस राहत नाही.

याउलट मूळ अंक हाती आल्यास इतिहासाची मांडणी कशी बदलते, याचे उदाहरण गेल ऑमव्हेट यांच्या १९७६ मधील ‘कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी’ या ग्रंथात आहे. पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीचे विवेचन करताना त्यांनी ‘दीनमित्र’मधील लेखनाचा आधार घेतला आणि मुकुंदरावांचे विचार मराठीबाहेरील अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

या संदर्भात जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची आहे. परिसरातील बंद पडलेल्या व चालू लहान पत्रांची सूची करणे, खासगी संग्रहांतील अंकांचे जागेवरच डिजिटल प्रतिमांकन करणे, प्रत्येक अंकाचे नाव, तारीख, स्थळ व मुद्रक यांची नोंद ठेवणे आणि प्रतिमांच्या प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवणे, ही कामे मोठ्या निधीवाचूनही होऊ शकतात. स्वामित्वहक्काचा प्रश्नही येथे स्पष्ट आहे. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क अबाधित राहतो. म्हणजे मुकुंदरावांनी स्वतः लिहिलेल्या मजकुराचा हक्क ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपतो. त्यापूर्वी सूचीचे व प्रतिमांकनाचे काम संबंधितांच्या अनुमतीने पूर्ण झाल्यास त्यानंतर हे लेखन सर्वांस खुले करता येईल.

निष्कर्ष

‘दीनमित्र’च्या वाटचालीवरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, वृत्तपत्राचे प्रकाशनस्थळ त्याच्या विषयांवर, भाषेवर आणि जोखमीवर परिणाम करते; तरवडीला राहणे ही ‘दीनमित्र’ची वैचारिक भूमिकाच होती. दुसरा, कमी साक्षरतेच्या समाजात ग्रामीण पत्राचा प्रभाव केवळ ग्राहकसंख्येवरून मोजता येत नाही. पोथीवाचनासारख्या जुन्या श्रवणपरंपरांशी असलेले त्याचे नाते तपासावे लागते. तिसरा, स्थानिक दृष्टीला स्थानिक हितसंबंधांच्या मर्यादा असतात आणि त्या मर्यादांमधूनच ‘मूकनायक’सारख्या नव्या पत्रांची गरज निर्माण होते. चौथा, अशा पत्रांचे अंक जतन झाले नाहीत तर बहुजन समाजाचा इतिहास पुन्हा एकदा इतरांच्याच दप्तरातून वाचावा लागेल. ज्या पत्राने गावाचे दप्तर एकाच्या हाती असण्याविरुद्ध लेखणी चालविली, त्याचे स्वतःचे दप्तर सर्वांच्या हाती येणे हे त्याच्या कार्याशी सुसंगत ठरेल.